सोल्यूशन बदलत गेले, हात तेच राहिले

गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेला की बातमी होते. आपण निषेध करतो, मोर्चा काढतो, आणि ते केलेच पाहिजे. पण जातीने वाट्याला दिलेल्या कामातून येणारी हानी प्रत्येक वेळी अशी एका क्षणात येत नाही. काही हानी महिनोन्‌महिने शरीरात मुरते. आधी पायाच्या बोटांना मुंग्या येतात, मग तळवे बधिर होतात. पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नाही. जिना चढताना पाऊल अडखळते. पुढे हाताची पकड जाते आणि चिमटीत सुई धरता येत नाही. हा हातापायांच्या नसांचा आजार आहे, वैद्यकीय भाषेत न्यूरोपॅथी. चप्पल-बूट तयार करणाऱ्या कामगारांत तो जपानमध्ये नोंदवला गेला, इटलीत नोंदवला गेला, आणि त्याचे मूळ सोल चिकटवायच्या सोल्यूशनमध्ये सापडले.

या आजाराचा इतिहास आपल्या चळवळीने वाचायला हवा. चामडे आणि पादत्राणे हा धंदा भारतात कोणाच्या माथी मारला गेला हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक विषारी द्रव बंद झाला की त्याच्या जागी दुसरा आला आणि तो त्याच हातांत देण्यात आला. प्रश्न दर वेळी रसायनाला विचारला गेला. ब्रश कोणाच्या हातात आहे, कुठल्या खोलीत आहे आणि त्या खोलीला कायदा लागू होतो का, हे मात्र क्वचितच विचारले गेले.

शिवणीकडून पेस्टिंगकडे

जुनी कोल्हापुरी चप्पल आठवा. मूळ पद्धतीत तिला खिळा नाही आणि सोल्यूशनही नाही. झाडाच्या सालीने कमावलेले चामडे आणि ते शिवायला चामड्याचीच वादी. त्या कामातही कष्ट होते, दुर्गंधी होती, अपमान होता. त्या जुन्या धंद्याचे गोडवे गाण्याचा माझा अजिबात हेतू नाही. पण त्या कामात फरमा, रांपी आणि आरी घेऊन बसणाऱ्या कारागिराच्या नाकाशी पेट्रोलियमची वाफ नव्हती.

विसाव्या शतकात रबर, रेक्झिन, प्लास्टिक आले आणि सोल शिवण्याऐवजी चिकटवला जाऊ लागला. यालाच कारखान्यात पेस्टिंग म्हणतात. यातली साधी गोष्ट समजून घ्या. रबर हा घन पदार्थ. तो ब्रशने लावायचा तर आधी एखाद्या द्रवात विरघळवावा लागतो. ब्रश फिरवला की तो द्रव उडून जातो आणि रबर मागे राहून पकड घेते. म्हणजे डब्यातला मोठा भाग हा उडून जाण्यासाठीच असतो. जे सोल्यूशन लवकर वाळते ते मालकाला चांगले, कारण दिवसाला जास्त जोड निघतात. पण लवकर वाळते याचा दुसरा अर्थ लवकर हवेत मिसळते. बंद खोलीत ती हवा म्हणजे कामगाराचा श्वास. जोडावर मजुरी असेल तर कामगार स्वतःच लवकर वाळणारा डबा मागतो. त्याला त्या डब्याची आवड आहे असे नाही. दर इतका कमी असतो की त्याच्यापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

पहिला द्रव: बेंझीन

सुरुवातीला या कामासाठी बेंझीन वापरात होते. स्वस्त आणि रबर चांगले विरघळवणारे. बेंझीन हाडांच्या मगजावर घाव घालते. रक्त तयार होणेच थांबते, काहींना रक्ताचा कर्करोग होतो.

१९५० च्या दशकात जपानमध्ये ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीच्या नावावरून ‘हेप सँडल’ नावाची हलकी, स्वस्त चप्पल लोकप्रिय झाली. ती मोठ्या कारखान्यांपेक्षा घराघरांत तयार होत होती. ठेकेदार माल आणि गोंदाचा डबा घरी टाकून जायचा, बायका नगावर मजुरी घेऊन सोल चिकटवायच्या. ज्या खोलीत स्वयंपाक त्याच खोलीत डबा उघडा. ओसाकाच्या इकुनो भागात हा धंदा मोठ्या प्रमाणात जपानमधील कोरियन कुटुंबांच्या हातात होता. वसाहतीच्या काळात आणलेले किंवा आलेले, आणि युद्धानंतर नागरिकत्वही गमावलेले हे लोक. आणि जपानमध्ये चामड्याचे काम परंपरेने बुराकुमिन समाजाच्या वाट्याला आले होते, ज्याने १९२२ मध्ये सुइहेइशा ही संघटना उभी करून जन्माधारित अपमानाविरुद्ध लढा सुरू केला. म्हणजे पायातल्या वस्तूचे काम पायाखाली ठेवलेल्या माणसाने करायचे, हा नियम फक्त आपल्याकडचा नाही.

१९५० च्या दशकाच्या शेवटी या घरकामगार बायका बेंझीनच्या विषबाधेने मरू लागल्या तेव्हा जपान सरकारला हलावे लागले. १९५९ मध्ये बेंझीन असलेल्या रबर गोंदावर बंदी आली, १९६० मध्ये अशा द्रवांबाबत स्वतंत्र नियम आले. इटलीने १९६३ मध्ये कायदा करून कामाच्या ठिकाणी बेंझीनच्या वापरावर मर्यादा घातली. तुर्कस्तानात मात्र वापर चालू राहिला. इस्तंबूलचे डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुमारे २८,५०० पादत्राणे-कामगारांच्या समूहात रक्ताच्या कर्करोगाचे २६ रुग्ण मांडले.

बेंझीन बंद होणे हा विजयच होता. पण त्या विजयाची किंमत कोणी चुकवली ते पुढे पाहा.

दुसरा द्रव: हेक्सेन

बेंझीनच्या जागी जे द्रव आले त्यांत पेट्रोलियमपासून मिळणारे एन-हेक्सेन प्रमुख होते. ते रक्ताला धोका करत नाही म्हणून सुरक्षित मानले गेले. स्वस्त, लवकर उडणारे, वास फारसा टोचणारा नाही. सोयाबीनसारख्या बियांतून तेल काढायलाही हाच द्रव वापरतात. त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

१९६४ मध्ये जपानमध्ये हेक्सेन वापरणाऱ्या कामगारांत नसांच्या आजाराचे रुग्ण पुढे आले. आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी नागोया विद्यापीठातील डॉक्टरांसमोर एक मोठा समूह आला. हे लोक घरच्या घरी प्लास्टिकच्या सँडल चिकटवणारे होते. यामामुरा या डॉक्टरांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९३ रुग्णांचा आजार नोंदवलेला आहे. छोट्या, हवा न खेळणाऱ्या खोल्यांत हेक्सेनचे प्रमाण हवेच्या दशलक्ष भागांत ५०० ते २,५०० भाग इतके होते. आज औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची अमेरिकन संस्था एसीजीआयएच जी शिफारस करते ती आहे ५० भाग. म्हणजे त्या बायका आजच्या शिफारशीच्या दहा ते पन्नास पट हवेत बसत होत्या. आणि हेही ऐका, अमेरिकेच्या सरकारची कायदेशीर मर्यादा आजही ५०० भागच आहे. विज्ञान पुढे गेले, कायदा जागचा हलला नाही.

जपानमध्ये बेंझीनबंदीनंतर दहा वर्षांच्या आत घरकामगारांची दुसरी पिढी आजारी पडली. १९७० मध्ये तिथे घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. द्रव बदलून भागत नाही, कामाची पद्धतच कायद्याच्या कक्षेत आणावी लागते, हे कळायला दोन साथी लागल्या.

इटलीतला गोंधळ

इटलीची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण तिथे कारण शोधण्यातच सुमारे वीस वर्षे गेली. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून चर्मोद्योगातल्या कामगारांत हातपाय लुळे पडण्याचे रुग्ण दिसू लागले. डॉक्टरांचा पहिला संशय टीओसीपी या रसायनावर गेला. त्याला ऐतिहासिक आधार होता. १९३० मध्ये अमेरिकेत ‘जेक’ नावाच्या आल्याच्या अर्कात हे रसायन मिसळले गेले. दारूबंदीच्या काळात गरीब लोक तो अर्क दारूऐवजी पीत. हजारो लोकांचे पाय कायमचे लुळे पडले, गोरे गरीब आणि काळे गरीब दोन्ही. त्या वेळी समाजाने त्यांना सहानुभूतीऐवजी दारुडे म्हणून हिणवले. टीओसीपी कृत्रिम चामडे मऊ करण्यासाठी वापरले जाई, म्हणून इटलीतल्या डॉक्टरांना तेच कारण वाटणे स्वाभाविक होते.

पण आजाराचे रूप नेमके जुळत नव्हते. १९७६ मध्ये पेरुजा येथील आब्रित्ती आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिनमध्ये हाच कारणाचा प्रश्न मांडला, आणि चर्चा गोंदातल्या द्रवांकडे, विशेषतः हेक्सेनकडे वळली. इतका उशीर का झाला? रसायनशास्त्र अवघड होते हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे असे की रुग्ण विखुरलेले होते. कोणी लहान कारखान्यात, कोणी स्वयंपाकघरात, कोणाची कुठे नोंदच नाही. डब्यावर नाव नाही, ठेकेदाराला विचारायची सोय नाही. १८ डिसेंबर १९७३ च्या कायद्याने इटलीने घातक पदार्थ वापरावे लागणारे काम घरी द्यायलाच मनाई केली, ती याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर.

आता याच्या शेजारी अमेरिकेतले कोलंबस हे शहर ठेवा. तिथल्या कापडावर प्लास्टिकचा थर देणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात १९७२ मध्ये छपाईच्या शाईसाठीचा एक द्रव बदलून मिथाइल ब्यूटाइल कीटोन आणले. १९७३ मध्ये कामगारांचे हातपाय कमजोर होऊ लागले. डॉक्टरांनी अकराशेहून अधिक कामगार तपासले, ८६ जणांचा आजार निश्चित केला, आणि संशयित द्रव काही महिन्यांत वापरातून गेला. जे इटलीत वीस वर्षांत झाले नाही ते इथे वर्षभरात झाले. फरक डॉक्टरांच्या बुद्धीत नव्हता. कोलंबसमध्ये हजेरीपट होता, एक छत होते, कोण कुठल्या विभागात आणि कधीपासून हे कागदावर होते. ज्याचे नाव हजेरीवर असते त्याच्याच आजाराचा हिशेब लागतो.

नस मरते कशी

कोलंबसच्या घटनेमुळे हेक्सेनचे कोडेही सुटायला मदत झाली. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातले स्पेन्सर आणि शॉमबर्ग यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत शुद्ध हेक्सेननेही तीच हानी होते हे १९७६ मध्ये दाखवले. कोलंबसचा द्रव आणि हेक्सेन वेगवेगळे असले तरी शरीरात गेल्यावर दोघांपासून एकच पदार्थ बनतो, २,५-हेक्सेनडायोन. खरे विष तेच.

नस म्हणजे एक लांब तार. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारी तार जवळपास मीटरभर असते. तिच्या आतला सांगाडा प्रथिनांच्या धाग्यांचा. हे धागे कण्याजवळच्या पेशीत बनतात आणि अतिशय हळू, दिवसाला साधारण एक-दोन मिलिमीटर, टोकाकडे सरकतात. हेक्सेनडायोन या धाग्यांना चिकटून त्यांचा गुंता करते. वाटेत गाठी होतात, तार जागोजागी फुगते आणि टोकाकडून मरू लागते. सर्वांत लांब तार पायाची, म्हणून आधी पायाची बोटे, मग तळवे, मग हात. दोन्ही बाजूंना सारखेच. मोजे आणि हातमोजे घातल्यासारखा बधिरपणा येतो असे डॉक्टर वर्णन करतात ते यामुळे.

दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. एक, काम सोडल्यावरही काही आठवडे ते काही महिने आजार वाढत राहतो. म्हणून ‘काम सोडले तरी वाढतोय, म्हणजे कामामुळे नाही’ हा मालकाचा युक्तिवाद चुकीचा आहे. दोन, मिथाइल इथाइल कीटोन हा गोंदात मिसळला जाणारा दुसरा द्रव एकटा नसांना फारसे काही करत नाही, पण हेक्सेनसोबत असला की हेक्सेनची हानी वाढवतो. म्हणून डब्यात फक्त हेक्सेन किती एवढे पाहून भागत नाही.

सौम्य आजार वेळीच थांबवला तर बराच सुधारतो, पण महिने, कधी वर्षे लागतात, कारण नस परत वाढते ती दिवसाला मिलिमीटरच्या हिशेबाने. आजार फार पुढे गेला असेल तर कमजोरी राहून जाते.

‘हे सिद्ध झाले आहे का?’

हा प्रश्न येतोच, आणि त्याला टाळू नये. हेक्सेनमुळे नसांचा आजार होतो हे सिद्ध आहे. माणसांतल्या साथी आहेत, प्राण्यांवरील प्रयोग आहेत, शरीरातली यंत्रणा माहीत आहे, आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हेक्सेनचे नाव आहे. पण समोर बसलेल्या एका विशिष्ट माणसाचा आजार हेक्सेनमुळेच झाला का, हा वेगळा प्रश्न. मधुमेहाने नसा जातात. बी-१२ जीवनसत्त्व कमी असले तरी जातात. दारूने जातात. कुष्ठरोगाने जातात, जरी त्यात सहसा चट्टे असतात आणि दोन्ही बाजू सारख्या नसतात. एकाच माणसाला मधुमेह असू शकतो आणि तो दहा वर्षे पेस्टिंगही करत असू शकतो. प्रतीत्यसमुत्पाद मानणाऱ्यांना हे नवे नाही. एका परिणामामागे अनेक कारणे असतात, आणि एक कारण सापडले म्हणून दुसऱ्याची सुटका होत नाही.

अडचण तिथे येते जिथे कारणांची निवड जात बघून होते. कळकट कपड्यातला, हाताला सोल्यूशनचा वास येणारा माणूस ओपीडीत बसला की पहिला प्रश्न येतो, ‘दारू पितोस का?’ काम काय करतोस, हा प्रश्न शेवटी येतो किंवा येतच नाही. १७०० मध्ये इटलीच्या मोदेना इथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. बसून काम करणारे शिंपी आणि चांभारही त्याच्या नजरेतून सुटले नाहीत. सव्वातीनशे वर्षांपूर्वीचा तो एक प्रश्न विचारायला कुठलेही यंत्र लागत नाही. तो विचारला जात नाही तेव्हा आजाराचे खापर रुग्णाच्या चारित्र्यावर फुटते, जसे १९३० मध्ये अमेरिकेतल्या गरिबांवर फुटले.

यावर उपाय एकच, एका माणसाकडे न पाहता गटाकडे पाहा. एकाच गल्लीतल्या, एकाच कारखान्यातल्या चार-पाच पेस्टिंगवाल्यांच्या पायांना सारख्याच मुंग्या येत असतील, आणि त्याच वयाच्या, पेस्टिंग न करणाऱ्या माणसांना येत नसतील, तर तो योगायोग मानायला जड जाते. समाजशास्त्रातही आपण हेच शिकतो. एकट्या माणसाचे दुःख खासगी वाटते, आकडा झाला की ते सामाजिक होते.

जात कुठे येते

कोणी म्हणेल, जपान-इटलीत जात नव्हती, तरी आजार झाला. मग इथे जात कशाला आणता? उत्तर असे की विष जात बघत नाही, पण विषाची वाटणी करणारी व्यवस्था बघते. जपानमध्ये ती कोरियन आणि घरात बसवलेल्या बायका बघते, इटलीत कारखान्याबाहेर ठेवलेले घरकामगार बघते. भारतात तिला बघायची तसदीही पडत नाही, कारण जन्मावरून आधीच वाटणी झालेली आहे.

जात ही कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. त्याआधी मुंबईच्या गिरण्यांत त्यांनी हेच प्रत्यक्ष दाखवून दिले होते. विणकाम खात्यात पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श नको, म्हणून त्या खात्याचे दार आपल्या लोकांना बंद. १९२८ च्या संपाच्या वेळी त्यांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. कोण कुठल्या खात्यात श्वास घेणार हे जात ठरवत होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता.

आता आग्रा पाहा. बूट उद्योगाचे हे मोठे केंद्र, आणि हात जाटव समाजाचे. हाच समाज बाबासाहेबांच्या मागे ठामपणे उभा राहिला. १८ मार्च १९५६ रोजी बाबासाहेब आग्र्याला आले, ते भाषण आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या हिंग की मंडीत कारागीर घरी तयार केलेला माल घेऊन जातो तेव्हा रोख मिळत नाही, मिळते पर्ची, म्हणजे पुढच्या तारखेचा कागद. आज पैसे हवे असतील तर तीच पर्ची कमी किमतीत मोडायची. ज्याच्या घामाचे पैसे असे कापले जातात त्याला ‘खिडकी मोठी कर, पंखा लाव, चांगला गोंद वापर’ असा सल्ला देणे सोपे आहे. मुंबईत धारावीत आणि कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत काम याच पद्धतीच्या छोट्या खोल्यांत चालते, पोटमाळ्यावर.

आणि कायदा? बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना आरोग्यविम्याची पायाभरणी झाली, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. त्याच वर्षीचा कारखाना कायदा २०२५ पर्यंत वीज असेल तर १० आणि नसेल तर २० कामगारांपासून लागू होता. राज्य सरकार लहान जागाही कारखाना म्हणून जाहीर करू शकत होते, पण मालक फक्त कुटुंबाच्या मदतीने काम करत असेल तर ती सोय नव्हती. म्हणजे नवरा, बायको आणि मुलगा पोटमाळ्यावर सोल्यूशन लावत असतील तर त्या कायद्याच्या नजरेत तिथे कामगारच नव्हता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा आणखी वर नेली, २० आणि ४०. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ पासून आहे. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

जपानने दोन साथींनंतर घरकामगारांना कायद्यात आणले. आपण उलट दिशेने चाललो आहोत.

पुन्हा तेच

द्रव बदलण्याची ही चाल जुन्या काळाची म्हणून सोडून देऊ नका. २००० च्या आसपास कॅलिफोर्नियात गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकना हाच आजार झाला. ब्रेक साफ करण्याच्या फवाऱ्यातले क्लोरीनयुक्त द्रव पर्यावरणाच्या नियमांमुळे कमी झाले आणि हेक्सेन आले होते. २००९ मध्ये चीनच्या सुझोऊ इथे अॅपलसाठी फोनचे पडदे बनवणाऱ्या विंटेक कारखान्यात पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्सेन आणले, कारण ते लवकर वाळते. १३७ कामगारांना बाधा झाल्याचे अॅपलने स्वतःच्या अहवालात मान्य केले. हात वेगळे, देश वेगळा, कारण तेच: लवकर वाळते.

मग चळवळीने काय करायचे

एक मत असे आहे की हा धंदाच सोडा. बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढणे सोडायला सांगितले, तसेच हेही. हे मत मी हलके घेत नाही. आपल्या वडिलांच्या पिढीने ते करून दाखवले म्हणून आज आपण शिकलो. पण ज्याला आज दुसरे काम नाही त्याने दुसरे काम मिळेपर्यंत विष हुंगावे, असा बाबासाहेबांचा अर्थ नव्हता. तसे असते तर मजूरमंत्री म्हणून त्यांनी कामाचे तास आणि आरोग्यविमा यांवर वेळ घालवला नसता. मुलांसाठी धंद्याबाहेरचा रस्ता आणि आई-बापांसाठी धंद्यातली सुरक्षा, दोन्ही एकाच वेळी मागायचे आहे.

दुसरे मत दबक्या आवाजात ऐकू येते, ‘तो त्या समाजाचा प्रश्न आहे.’ हे बोलणाऱ्यांनी शिवतरकर मास्तर आणि पां. ना. राजभोज कोणत्या समाजातून आले आणि कोणासोबत उभे राहिले हे आठवावे. पोटजात बघून दुःख वाटून घ्यायचे असेल तर उतरंड आपणच चालवतो आहोत.

करता येण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. वस्तीतल्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाब मोजतो तसा प्रत्येकाला धंदा विचारा आणि कागदावर लिहा: पेस्टिंग किती वर्षे, दिवसाला किती तास, खोली बंद की उघडी, डब्यावर काय नाव. पायांना मुंग्या, बधिरपणा, टाचांवर चालता न येणे याची वेगळी यादी करा. संशय आला तर सरकारी रुग्णालयात नसांच्या वहनाची तपासणी मागा. लघवीत हेक्सेनडायोन तपासता येते, पण ते गेल्या दोन-तीन दिवसांचेच सांगते. म्हणून काम चालू असतानाच नमुना द्यायला हवा. नाकाला रुमाल बांधून काही होत नाही, वाफ कापडातून सरळ जाते. हात सोल्यूशनने धुऊ नयेत, डबा झाकलेला असावा, ब्रशच्या जागेवरून हवा बाहेर ओढणारा पंखा असावा. पाण्यावर आधारित गोंद बाजारात आहेत. ते महाग आणि हळू वाळणारे आहेत, म्हणून फरक मालकाने आणि व्यापाऱ्याने द्यावा, कारागिराने नव्हे. ही मागणी मजुरीच्या दराची मागणी आहे हे स्पष्ट बोलले पाहिजे. दर वाढल्याशिवाय हळू वाळणारा गोंद कोणी वापरणार नाही.

सरकारकडे मागायचे ते असे: डब्यावर मराठी-हिंदीत घटकांची नावे, घरकामगारांची नोंदणी आणि ईएसआयसारखे संरक्षण, आणि १७७ व्या कराराला मान्यता.

उद्या हेक्सेनवर बंदी आली तर मला आनंदच होईल. पण १९५९ चे जपान सांगते की तेवढ्याने भागत नाही. डबा बदलेल, त्यावरचे नाव बदलेल, आणि तो त्याच पोटमाळ्यावर पोचेल. त्या पोटमाळ्यावरच्या माणसाचे नाव कुठल्यातरी हजेरीपटावर, कुठल्यातरी कायद्यात येईपर्यंत आपले काम संपलेले नाही. त्याची सुरुवात आपल्याच वस्तीतल्या यादीपासून होऊ शकते.

जय भीम.